टिंबानंतरचं पाणी

मोरचुदाचं सूत्र आठवतंय? कॉपर सल्फेट, मग एक टिंब, मग पाच पाणी. तापवलं की पाणी जातं आणि निळ्या खड्यांची पांढरी पूड होते. म्हणजे शाळेतल्या पोरांनासुद्धा माहीत असतं की टिंबानंतरचं पाणी गेलं, की पदार्थच बदलतो. माहीत नसतं ते फक्त आमच्या डेटा-डेटा करणाऱ्या जमातीला!

स्फटिक द्रावणात वाढतो, तेव्हा विद्रावकाचे रेणू त्याच्या फटींमध्ये अडकून बसतात. सूत्रात त्यांची जागा टिंबाच्या पलीकडे, पाहुण्यांच्या पंगतीत. आणि डेटा 'क्लीन' करायला घेतला की थेट कचऱ्यात. माझं भांडण आहे ते इथे.

एक उदाहरण घ्या. लोह आणि पिकोलिलअमीनचं एक क्लोराइड संयुग आहे. त्यातल्या लोहाच्या अणूत चार सुटे इलेक्ट्रॉन असले तर तो हाय-स्पिन, म्हणजे चुंबकाला प्रतिसाद देणारा. थंड केला की सगळे जोडीने बसतात, तो लो-स्पिन होतो आणि प्रतिसाद जवळजवळ संपतो. आता हाच स्फटिक मिथेनॉलमधून काढला तर हा बदल सावकाश, एका दमात होतो. इथेनॉलमधून काढला तर १२० केल्विनच्या आसपास, दोन पायऱ्यांमध्ये! लोह तेच, अमीन तेच, फरक एका कार्बनचा. कारण अल्कोहोल क्लोराइडला हायड्रोजन बंधाने धरतं, क्लोराइड अमीनला, आणि ही साखळी लोहापर्यंत पोचते. पाहुणा कसला, हा तर घरचा कर्ता माणूस झाला.

याहून ठसठशीत पुरावा २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये दिला. लोहाच्या एका सच्छिद्र जाळीत इथेनॉल असताना थंड केलं, की स्पिन बदलतो. इथेनॉल काढून टाका, बदल बंद. परत भरा, परत सुरू. आता बोला!

यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की विद्रावक अस्ताव्यस्त असतो, मॉडेलला त्रास देतो, म्हणून काढलेला बरा. २०१४ च्या 'कोअर मॉफ' संग्रहात साडेचार हजारांवर सच्छिद्र रचना विद्रावक काढूनच दिल्या होत्या. तिथे ते योग्यच होतं. वायू साठवायचा तर छिद्रं रिकामी हवीत, प्रयोगातही ती तापवून रिकामी करतात. पण एका कामासाठी केलेली साफसफाई दुसऱ्या कामाला जशीच्या तशी वापरणं म्हणजे शुद्ध आळस. चुंबकत्वाचं भाकीत करायचंय आणि त्याला कारण असलेला रेणूच फाइलमधून उडवलाय? मग मॉडेल जे सांगेल ते अस्तित्वातच नसलेल्या स्फटिकाबद्दल असेल. आणि त्या भाकितामागे कुठल्यातरी पीएचडीवाल्या पोरीची दोन वर्षं प्रयोगशाळेत वाया जातील. तिला कोणी 'सॉरी' म्हणणार नाही.

आपल्या धंद्यात याला नाव आहे: "माझ्या मशीनवर चालतंय की!" असं म्हणणाऱ्याला आपण पहिलं काय विचारतो? कुठली व्हर्जन, कुठली लायब्ररी, कुठलं एन्व्हायरनमेंट. मग स्फटिकालाच तेवढी सूट का? विद्रावक कोणता, किती, स्फटिक कसा वाळवला, मोजताना तो आत होता की उडून गेला होता, हे चार कॉलम भरायला फार तर पाच मिनिटं लागतात. ते रिकामे असतील तर तो डेटा स्वच्छ नाही, अर्धवट आहे. असो.