काडेपेटीत मावणारे हडपसर

हडपसरविषयी मराठीत जे ललित लेखन होते त्याचा साचा आता ठरून गेला आहे. पूर्वी येथे ऊस होता, कालव्याला पाणी होते, भाजीच्या गाड्या पहाटेच्या अंधारात पुण्याच्या मंडईकडे निघत. मग कारखाने आले, मगरपट्टा आला, अमनोराचे मनोरे आले, आणि लेखक हळहळला. ही हळहळ खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ती फार ढोबळ आहे. या लेखनात 'झाडे' असतात, 'पाखरे' असतात, 'ओली माती' तर असतेच असते. कोणते झाड, कोणते पाखरू आणि त्या मातीत नेमके काय, हे विचारले की लेखकाची पंचाईत होते. जे हरवले म्हणून आपण गळा काढतो त्याची मोजदाद ते हाताशी असतानाही आपण केली नव्हती, ही गोष्ट या साच्यात कुठेच बसत नाही.

म्हणून एका रुक्ष यादीविषयी लिहावेसे वाटते. २०१२ साली 'मायकोस्फियर' या संशोधन नियतकालिकात भारतातील मिक्सोमायसीटांची एक समग्र यादी प्रसिद्ध झाली. रानडे, रणदिवे आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी ती सिद्ध केली. हे काम हडपसरच्या अण्णासाहेब मगर महाविद्यालयाशी निगडित. दिल्ली, कोलकाता किंवा चंडीगडच्या कुठल्याशा संस्थेकडून अपेक्षावे असे काम पुण्याच्या पूर्वेकडच्या एका उपनगरी महाविद्यालयाच्या परिघात झाले, आणि आम्हां साहित्यप्रेमी मंडळींना त्याची गंधवार्ताही नव्हती. शाहीर, संत आणि शिलालेख यांच्या सूचींवर आपण जीव टाकतो, मग ही सूची आपली का नव्हे?

मिक्सोमायसीट म्हणजे काय, हे येथे थोडे सांगायला हवे. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर, पालापाचोळ्यावर, शेणखताच्या ढिगावर कधी पिवळा, कधी पांढरा, कधी नारिंगी असा चिकट थर दिसतो. आज येथे दिसला तो उद्या हातभर सरकलेला असतो. हा एकच पेशीद्रव्याचा लोळ असतो. त्यात हजारो, कधी लाखो केंद्रके, पण त्यांच्यामध्ये भिंती नाहीत. आतला द्रव एकदा पुढे वाहतो, एकदा मागे. आणि या हेलकाव्यांवर तो सगळा जीव जिवाणू आणि कुजके कण गिळत पुढे सरकतो. अन्न संपले, उजेड लागला, की तोच लोळ थांबतो आणि रात्रीतून त्याचे रूपांतर नाजूक देठांवर उभ्या असलेल्या मिलिमीटरभर उंचीच्या बीजाणुधान्यांत होते. कोणी टाचणीच्या डोक्यासारखे, कोणी तपकिरी पिसांच्या झुपक्यासारखे, कोणी गुलाबी गोळ्यांसारखे. हेमिट्रिकिया सर्प्युला नावाची जात तर जिलबीसारखे सोनेरी वेटोळे घालून बसते. ऊन तापले तर लोळ आक्रसून कडक कवच होतो आणि पाणी मिळाले की पुन्हा वाहू लागतो. पुण्याच्या उन्हाळ्याला यापेक्षा सुज्ञ उत्तर कोणी शोधले असेल असे वाटत नाही.

जगभरात अशा सुमारे हजार जाती ठाऊक आहेत. त्या बुरशी नव्हेत. अँटोन द बारी याने १८५९ सालीच त्यांना 'मायसेटोझोआ', म्हणजे बुरशी-प्राणी, असे नाव देऊन संशय नोंदवला होता. आज त्यांची गणना अमीबांच्या गोतात होते. मराठी पाठ्यपुस्तकी भाषेत 'श्लेष्मकवक' असा शब्द वापरला जातो. ग्रीक नावाचा तो शब्दशः अनुवाद आहे, आणि त्यामुळे मूळ नावातली चूकही त्यात इमानाने उतरली आहे. स्वीडनमध्ये फुलिगो सेप्टिका या पिवळ्या जातीला राक्षसाचे लोणी म्हणतात. मेक्सिकोत काही ठिकाणी ती भाजून खातात आणि तिला चंद्राची विष्ठा म्हणतात. इंग्रजीत ती कुत्र्याची ओकारी. ही नावे अभिरुचीला धरून नसतील, पण ती पाहणाऱ्याची आहेत. श्लेष्मकवक हे न पाहणाऱ्याचे नाव आहे. साडेसतरा नळी असे नाव वस्तीला देणाऱ्या या मुलखाला एका पिवळ्या लोळासाठी शब्द सुचू नये, याचे कारण शब्दसामर्थ्य कमी आहे हे नाही. खाली वाकून पाहण्याचे प्रयोजन कोणाला पडले नाही, हे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. यादी आणि पाहणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादी म्हणजे आजवर विखुरलेल्या नोंदींचे संकलन. के. एस. थिंड यांचे 'द मिक्सोमायसीट्स ऑफ इंडिया' हे पुस्तक १९७७ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढले. लखनपाल आणि मुखर्जी यांचा वर्गीकरणाचा ग्रंथ १९८१ साली आला. २०१२ ची यादी या वाटेवरची पुढची पायरी. पण अशी कोणतीही यादी वाचताना लक्षात ठेवावे लागते, की ती जातींचा जितका नकाशा असते तितकाच अभ्यासकांच्या पायपिटीचाही असते. थिंड चंडीगडला होते, म्हणून पश्चिम हिमालयातले उतार नोंदींनी भरले. जेथे कोणी प्राध्यापक चार पावसाळे हिंडला, तो जिल्हा समृद्ध ठरला. जेथे गेला नाही, तो कोरा राहिला. कोरेपणाचा अर्थ तेथे काही नाही असा लावणे, हे हस्तलिखित न सापडलेल्या शतकात कोणी कविताच केली नाही असे म्हणण्यासारखे आहे. वाङ्मयेतिहासात ही गफलत आपण ओळखतो. निसर्गाच्या बाबतीत मात्र ती बिनदिक्कत करतो, आणि मग त्या कोऱ्या जागेवर इमारतीचा आराखडा सहज मंजूर होतो.

हडपसरची यादी सबंध भारताची आहे. हडपसरची म्हणून जी पाहणी हवी, ती वेगळी. आमचे मत असे, की हे काम आता झाले पाहिजे, आणि ते रानावनात जाऊन नव्हे तर येथेच. 'येथे काय मिळणार' हा प्रश्न अपेक्षित आहे. पक्षी पाहणारे लोक सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडून कवडीपाटला जातात, मध्ये थांबत नाहीत. वनस्पती पाहणारे सिंहगडावर किंवा पुरंदरावर जातात. हडपसर हे वाटेतले गाव. इतिहासातही ते असेच वाटेत सापडले आणि १८०२ साली होळकर-पेशव्यांच्या लढाईने पुस्तकांत गेले. पण मिक्सोमायसीटांना वाटेतले गाव चालते. १९३३ साली गिल्बर्ट आणि मार्टिन यांनी एक साधी रीत दाखवून दिली: जिवंत झाडाच्या सालीचे चार तुकडे काचेच्या बशीत ओल्या गाळणकागदावर ठेवायचे, झाकायचे आणि वाट पाहायची. काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, सालीवर झोपलेले बीजाणू जागे होतात आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जाती उमलतात. त्यासाठी अरण्य लागत नाही. सोलापूर रस्त्यालगतचा पर्जन्यवृक्ष, कालव्याकाठची बाभूळ, देवळाजवळचा पिंपळ, एवढे पुरते. मुठा उजव्या कालव्याची ओल, मांजरीकडच्या शेतांतले उसाचे पाचट, ग्लायडिंग सेंटरचे गवत, बंगल्यांच्या कुंड्या, फुरसुंगीच्या बाजूचे खताचे ढीग, इतक्या तऱ्हेच्या जागा चार-पाच मैलांत आणखी कुठे मिळाव्यात?

या संदर्भात जपानच्या मिनाकाता कुमागुसूचे नाव घ्यायला हवे. हा लोकविद्येचा पंडित आणि मिक्सोमायसीटांचा जन्मभराचा शोधक तानाबे या लहान गावात राहिला. १९१७ साली त्याच्या स्वतःच्या परसातल्या एका फळझाडावर त्याला जी जात सापडली, ती विज्ञानाला नवी निघाली. लंडनच्या गुलिएल्मा लिस्टर यांनी १९२१ साली तिचे प्रजातीनाव त्याच्यावरून मिनाकातेला ठेवले. १९२९ साली सम्राट हिरोहितो तेथे आले तेव्हा या गृहस्थाने त्यांना ११० नमुने भेट दिले, तेही गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांत. पण आमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अगोदरची आहे. १९०६ नंतर जपानी सरकारने गावोगावची लहान देवस्थाने मोठ्या देवस्थानांत विलीन करण्याचा सपाटा लावला, आणि रिकाम्या झालेल्या देवस्थानांच्या राया तोडल्या जाऊ लागल्या. मिनाकाताने त्याविरुद्ध लेखणी उचलली. १९१० साली काही दिवस कोठडीतही काढले. त्याच्या विरोधाला वजन होते, कारण त्या राईत काय आहे हे तो जातवार सांगू शकत होता. आपल्याकडे १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांची पाहणी केली, तेव्हा हेच घडले: 'गावकऱ्यांची श्रद्धा' या सदरात पडून राहिलेली गोष्ट एकाएकी नोंद आणि पुरावा झाली. हडपसरला देवराई नाही. पण पालापाचोळा आहे, आणि तो दर हिवाळ्यात झाडून पेटवून दिला जातो. त्यात काय जळते हे सांगता येणारा एकही माणूस त्या ढिगाशेजारी उभा नसतो.

गृहसंकुलांच्या हिरवळीवर तर याहून विनोदी प्रकार चालतो. पावसाळ्यात गवताच्या पात्यांवर राखेसारखे करडे दाणे दिसले की रोग पडला असे समजून बुरशीनाशकाची फवारणी होते. पुष्कळदा ती फायसारम सिनेरियम नावाची निरुपद्रवी जात असते. ती गवत खात नाही, केवळ बीजाणू उधळायला उंच जागा म्हणून पात्यावर चढते. पाण्याच्या एका फवाऱ्याने ती निघून जाते. अज्ञानाची किंमत येथे औषधाच्या बिलात मोजता येते, एवढेच.

अलीकडे काही मंडळी म्हणतात, की आता पाहणीसाठी शास्त्रज्ञ कशाला. मोबाइलवर छायाचित्र काढावे, आयनॅचरलिस्टवर चढवावे, यंत्र नाव सांगते. या सोयीचे आम्ही विरोधक नाही. तिच्यामुळे शेकडो लोक खाली वाकून पाहू लागले, हे लहान काम नव्हे. तरीही छायाचित्र ही वार्ता आहे, पुरावा नव्हे. स्टेमोनायटिस फ्युस्का आणि स्टेमोनायटिस ॲक्सिफेरा ही दोन्ही तपकिरी पिसे फोटोत जुळी बहिणी दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली पहिलीच्या बीजाणूवर जाळी असते, दुसरीचा बीजाणू लहान आणि जवळजवळ गुळगुळीत. फायसारम की डिडिमियम, हे चुन्यावरून ठरते: पहिल्यात चुन्याचे दाणे तंतूंनी जोडलेल्या गाठींत भरलेले, दुसऱ्यात तो वरच्या सालीवर चांदणीसारख्या स्फटिकांनी विखुरलेला. बीजाणूंचा रंग, त्यांचा मायक्रोमीटरमधला व्यास, आतल्या तंतूंची वीण, देठ पोकळ की भरीव, हे पाहिल्याशिवाय नाव लिहू नये. आणि लिहिले तर नमुना ठेवावा, म्हणजे पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला ते नाव तपासता येईल, खोडताही येईल. पाठभेद नोंदवल्याशिवाय काढलेली गाथेची आवृत्ती आणि नमुन्याशिवाय केलेली जातीची नोंद, या दोहोंना एकाच मापाने मोजावे.

आणि नमुना ठेवायला लागते काय? एक काडेपेटी. जगभर मिक्सोमायसीटांचे अभ्यासक हेच करत आले आहेत. सालीचा वाळलेला तुकडा आतल्या खणाच्या तळाला डिंकाने चिकटवायचा, वर तारीख, जागा, झाडाचे नाव आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे. बीजाणुधान्या दाबल्या जात नाहीत, वर्षानुवर्षे टिकतात. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाने बुरशींचा मोठा संग्रह आहेच. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ पासून ज्या संस्थेची उभारणी केली तिच्यात आणि हडपसरमध्ये एका बसप्रवासाचे अंतर आहे. विज्ञानाला लागणारे बहुतेक सारे शहरात तयार आहे. नाहीत ती माणसे. वर्गीकरण हा विषय विद्यापीठांतून मागे पडत गेला. रेणवीय जीवशास्त्राला अनुदान मिळते, यादी करणाऱ्याला फारसे काही मिळत नाही, आणि बीजाणूवरची जाळी ओळखणारा डोळा तर एकाकडून दुसऱ्याकडे शेजारी बसूनच जातो. साखळीतला एक दुवा निवृत्त झाला की सगळे पुस्तकातून पुन्हा शिकावे लागते.

उपयोग काय, असेही विचारले जाईल. त्यावर जपानी प्रयोगांचा दाखला देण्याची प्रथा आहे. २००० साली नाकागाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की फायसारम पॉलिसेफॅलम चक्रव्यूहातून दोन टोकांच्या अन्नामधली सर्वांत जवळची वाट शोधते. २०१० साली टोकियोभोवतीच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे ठेवले, तर तिने तेथल्या रेल्वेजाळ्याशी तुल्यबळ असे जाळे विणले. मगरपट्टा चौकातल्या संध्याकाळच्या खोळंब्यात अडकलेल्या वाचकाच्या मनात जे येईल ते आमच्याही मनात आले. पण हा दाखला आम्ही फार पुढे रेटणार नाही. उपयोग सिद्ध झाल्यावरच नाव घ्यायचे असेल तर आपल्या कोशांतले अर्धे शब्द गाळावे लागतील.

काम अवाढव्य नाही. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून येथे एक नगर वसवले. पाच-सहा शाळा-महाविद्यालयांनी मिळून तीन पावसाळे एक पाहणी चालवणे त्यापेक्षा नक्कीच सोपे आहे. जूनच्या पहिल्या सरींपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आठवड्याला एक फेरी, तीच झाडे, तेच ढीग. हिवाळ्यात बशीतल्या साली. मोठ्या लोळांची नोंद कोणीही करावी, सूक्ष्मदर्शकाचे काम दोघा-तिघा जाणत्यांनी करावे, नमुन्यांची एक जोडी महाविद्यालयात आणि एक संग्रहालयात जावी. नोंदवही मराठीत असावी, हा आमचा आग्रह. लॅटिन नाव तर हवेच, पण त्याच्या शेजारी एक रकाना रिकामा ठेवावा, आणि त्यात गोळा करणाऱ्या पोराला किंवा माळीकाकांना ती वस्तू पाहून जे नाव सुचेल ते लिहून ठेवावे.