विश्लेषण : डॉक्टर आणि परिचारिकांना एकत्र शिकवण्याची गरज का?

योग्य उपाय माहीत असलेली व्यक्ती खोलीतच हजर असते, तरीही रुग्ण दगावतो. असे का होते आणि ‘सिम्युलेशन’ प्रशिक्षणातून ते कसे टाळता येते?

२००५ मध्ये काय घडले?

ब्रिटनमधील वैमानिक मार्टिन ब्रॉमिली यांच्या पत्नीला सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यात आली आणि श्वासमार्ग बंद झाला. अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले. गळ्याला छेद देण्याचे साहित्य परिचारिकेने आणून ठेवले होते. पण वरिष्ठांना ते ठासून कसे सांगावे, हे तिला उमगले नाही. १३ दिवसांनी रुग्ण दगावली.

विमानांशी संबंध काय?

१९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमाने धडकून ५८३ जणांचा बळी गेला. त्याआधी फ्लाइट इंजिनीअरने व्यक्त केलेली शंका कॅप्टनने उडवून लावली होती. पुढे वैमानिकांना उड्डाणाबरोबरच एकमेकांचे ऐकण्याचेही प्रशिक्षण मिळू लागले. स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी ही पद्धत वैद्यकशास्त्रात आणली.

प्रशिक्षण कसे होते?

नाडी लागणारा, श्वास घेणारा पुतळा ‘रुग्ण’ असतो. समजा, प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबत नाही. अशा वेळी सूचना मोघम न देता नाव घेऊन द्यायची, ऐकणाऱ्याने ती पुन्हा उच्चारायची आणि काम झाल्यावर तसे सांगायचे. त्यानंतरची चर्चा सर्वात महत्त्वाची. कोण चुकले यापेक्षा कोण, कधी आणि का गप्प राहिले, हे त्यात तपासले जाते. इथे चूक झाली तरी कुणाचा जीव जात नाही.

आपल्याकडे अडचण कोणती?

एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याचा समावेश झाला, कौशल्य प्रयोगशाळाही आल्या. मात्र भावी डॉक्टर आणि परिचारिका बहुतेकदा वेगवेगळ्या वर्गांत शिकतात आणि थेट वॉर्डात एकत्र येतात. महाराष्ट्रात दोन्ही अभ्यासक्रम नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आहेत. त्यामुळे संयुक्त सराव सुरू करणे येथे तुलनेने सोपे आहे. त्यासाठी महागडा पुतळाच हवा असेही नाही. साधी खाट, रुग्णाची भूमिका करणारा विद्यार्थी आणि चर्चा घडवणारा शिक्षक एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते. खरी कसोटी आहे ती, ‘सर, थांबा’ हे शब्द कनिष्ठाने उच्चारण्याची आणि वरिष्ठाने ऐकण्याची.