नुकसान ज्याचे, खुर्चीही त्याची

समुद्रात तेल सांडले की वर्तमानपत्रांत दोन आकडे ठळक छापून येतात. किती टन तेल सांडले, हा एक आणि किती किलोमीटर किनारा काळा झाला, हा दुसरा. तिसरा आकडा असतो तो किती घरांची चूल थंडावली याचा. तो बहुधा छापून येत नाही, कारण तो कोणी मोजलेलाच नसतो. काय मोजायचे आणि काय सोडून द्यायचे हे ज्या टेबलावर ठरते, त्या टेबलाशी त्या घरांपैकी कोणी बसलेले नसते. तेलगळतीच्या संशोधनाला सल्ला देणाऱ्या मंडळावर कोण असावे, हा प्रश्न आम्ही आज या पानावर मांडत आहोत तो एवढ्याचसाठी.

गारखेड्यातला वाचक म्हणेल की समुद्र इथून सव्वातीनशे किलोमीटरवर. सूतगिरणी चौकात दुकान लावणाऱ्याने त्याची चिंता का करावी? आमचे म्हणणे असे की या प्रश्नाचा आपल्याशी दुहेरी संबंध आहे. एक तर वाळूज-शेंद्र्याचा परदेशी जाणारा माल न्हावा-शेव्याच्या बंदरातूनच बाहेर पडतो आणि आपल्या बाजारात विकला जाणारा सुका बोंबील, सुकट त्याच किनाऱ्यावरून येते. शिवाय मिरकरवाडा, राजिवडा, मुरूड इथल्या आपल्या कोकणी बांधवांची आणि त्यांच्या शेजारच्या कोळी बांधवांची रोजीरोटी त्याच पाण्यावर आहे. दुसरा संबंध याहून मोठा आहे. आपल्या धंद्याविषयी निर्णय होतो तेव्हा आपली खुर्ची कुठे असते, हा सवाल मच्छीमाराचा आहे तसाच विणकराचा, मेकॅनिकचा आणि हातगाडीवाल्याचाही आहे.

आधी आपल्या किनाऱ्याचा हिशेब पाहू. १७ मे १९९३ रोजी बॉम्बे हायमध्ये तेलवाहिनी फुटली आणि सुमारे ६,००० टन कच्चे तेल समुद्रात गेले. मुरूडच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यावर आणि त्यातील जीवांवर काय परिणाम झाला, याचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केला. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजे एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल सांडले, कंटेनर पाण्यात पडले आणि बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. मुंबईच्या बाजारात मासळीला गिऱ्हाईक मिळेना. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, ६०,००० टनांहून अधिक कोळसा घेऊन दहेजला निघालेले 'रॅक कॅरियर' मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. त्याच्या टाक्यांत सुमारे २९० टन इंधन तेल आणि ५० टन डिझेल होते.

या तारखांकडे वाचकांनी नीट पाहावे. लागोपाठच्या दोन्ही वर्षी अपघात झाला तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. पावसाळी बंदी संपत आलेली, जाळी दुरुस्त झालेली, बर्फाचे, डिझेलचे आणि खलाशांच्या उचलीचे पैसे व्यापाऱ्याकडून उधार घेतलेले, अशा तोंडावर. प्रयोगशाळेच्या दृष्टीने ऑगस्ट आणि फेब्रुवारी हे दोन महिने सारखेच. तांडेलाच्या दृष्टीने तसे नाही. ऑगस्टात गेलेला एक आठवडा म्हणजे सगळ्या हंगामाचे कर्ज. पाण्याचा नमुना बाटलीत भरता येतो. हे कर्ज बाटलीत भरता येत नाही. ते दाखवून देणारा माणूस मंडळावर हवा.

न मोजलेल्या नुकसानाची भरपाई मिळत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. गोदामाला आग लागली तर पंचनाम्याच्या वेळी मालकाला बोलावतात. 'इथे कापडाचे गठ्ठे होते, तिथे रंगाचे डबे होते' हे त्याच्याशिवाय कोण सांगणार? समुद्राचा पंचनामा मात्र मालकाला न बोलावता होतो. 'रॅक कॅरियर'च्या प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने १०० कोटी रुपयांच्या पर्यावरणीय भरपाईचा आदेश दिला तो २३ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे पाच वर्षांनी. आणि तोही मुंबईच्या एका पर्यावरण कार्यकर्त्याने अर्ज केला म्हणून. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडाले. केरळ सरकारने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला. त्यात मच्छीमारांच्या आर्थिक नुकसानीपोटी मागितलेली रक्कम सुमारे ५२६ कोटींची. त्याच कंपनीचे दुसरे जहाज सोडवण्यासाठी न्यायालयाने तारण ठरवले ते सुमारे १,२२७ कोटींचे. मागणी आणि तारण यांतला हा फरक पाहा. शेवटी हातात किती पडेल हे पुराव्यावर ठरते आणि पुरावा अभ्यासातून येतो. म्हणून अभ्यास कशाचा करायचा हे ठरवणारे लोक कोण, हा प्रश्न कागदी नव्हे, पोटाचा आहे.

आता अमेरिकेने काय केले ते पाहू. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातात 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे जहाज खडकावर चढले आणि सुमारे ४ कोटी लिटर तेल वाहून गेले. १९९० साली अमेरिकेच्या संसदेने तेल प्रदूषणाचा कायदा केला. त्या कायद्याने कॉर्डोव्हा या मच्छीमारांच्या गावी तेलगळतीवर संशोधन करणारी संस्था काढली आणि तिच्या सल्लागार मंडळावर कोण बसेल हे कायद्यातच लिहून ठेवले. मंडळ १६ जणांचे. राज्याच्या मत्स्य, पर्यावरण आणि नैसर्गिक संपत्ती खात्यांचे तीन. केंद्राच्या वाणिज्य व अंतर्गत खात्यांचा प्रत्येकी एक आणि तटरक्षक दलाचा एक. मच्छीमारी धंद्यातले दोन, आणि तेही तेलाचा फटका बसलेल्या गावांचेच रहिवासी असले पाहिजेत. फटका बसलेल्या मूळ रहिवासी जमातींचे दोन. त्यांची नावे जमातींचा संघ सुचवणार आणि गव्हर्नर त्या यादीतूनच निवडणार. तेल कंपन्यांचे दोन. त्याच गावांतले समुद्राची जाण असणारे आणखी दोन नागरिक, ज्यांना मंडळाचे बाकीचे सभासद निवडतात. उरलेले दोघे शास्त्रीय संस्थांचे, पण त्यांना मताचा अधिकार नाही.

ही यादी दोनदा वाचण्यासारखी आहे. तेल कंपनीला बाहेर ठेवलेले नाही. तिची वाहिनी, तिची टाकी, तिचा झडपेचा नळ तिलाच ठाऊक. ती माहिती हवीच. पण कंपनीचे दोन असतील तर मच्छीमाराचेही दोन, जमातींचेही दोन आणि गावाचेही दोन. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ही खुर्ची कोणा साहेबाच्या मर्जीने मिळालेली नाही. ती कायद्याने मिळाली आहे. मर्जीने मिळालेली खुर्ची मर्जी फिरली की जाते.

अशा खुर्चीने काय साधते, असे कोणी विचारील. कॉर्डोव्हाचीच गोष्ट घ्या. अपघातानंतर चार वर्षांनी, १९९३ साली, तिथली हेरिंग मासळी एकाएकी नाहीशी झाली. सॅल्मनही लागोपाठ कमी आली. मच्छीमार म्हणत होते की समुद्रात काहीतरी बिघडले आहे, याचा शोध घ्या. त्यांचे कोणी ऐकेना, तेव्हा त्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपल्या बोटी आडव्या लावून तेलाच्या जहाजांची वाट रोखली. त्यानंतर त्या आखातातील हेरिंग आणि सॅल्मनच्या सगळ्या जीवनचक्राचा मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. हेरिंग नाहीशी होण्याचे नेमके कारण काय यावर शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. पण प्रश्न विचारला गेला तो मच्छीमारामुळे. ज्या माणसाला आपले म्हणणे मांडण्यासाठी वाट अडवावी लागते, त्याला वेळेवर खुर्ची दिली असती तर सगळ्यांचेच बरे झाले असते.

दुसरा नमुना मेक्सिकोच्या आखाताचा. २० एप्रिल २०१० रोजी तिथल्या तेलविहिरीवर स्फोट झाला, ११ कामगार मेले आणि ८७ दिवस तेल वाहत राहिले. बीपी कंपनीने संशोधनासाठी दहा वर्षांत ५० कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. पैसा ज्याने तेल सांडले त्याचा, मग निकालावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून २० शास्त्रज्ञांचे स्वतंत्र मंडळ नेमले. निम्मे कंपनीने सुचवलेले, निम्मे आखाताकाठच्या पाच राज्यांच्या संघटनेने. बांगलादेशात कॉलऱ्यावर वर्षानुवर्षे काम केलेल्या रीटा कोलवेल त्याच्या अध्यक्ष झाल्या. पैसा कंपनीचा, पण तो कोणाला द्यायचा हे मंडळ ठरवणार, अशी व्यवस्था होती. ही व्यवस्था चांगली, पण अपुरी, असे आम्हास वाटते. त्या अपघातात तेल विरवण्यासाठी सुमारे ७० लाख लिटर रसायन वापरले गेले. तेल डोळ्यांआड झाले की पाहणाऱ्याचे समाधान होते. 'ते वरून गेले, मग खाली कुठे गेले?' हा सवाल जाळे खाली सोडणाऱ्याला सर्वांत आधी सुचतो. शास्त्रज्ञ उत्तर शोधण्यात तरबेज असतो; पण कोणता प्रश्न आधी घ्यावा हे ठरवताना झळ लागलेल्या माणसाचा मशवरा लागतोच.

आपल्याकडे काय आहे? तेलगळतीला तोंड देण्याची राष्ट्रीय योजना १९९६ पासून अमलात आहे. तिची सूत्रे तटरक्षक दलाकडे आहेत. दलाचे महासंचालक बैठकीचे अध्यक्ष असतात. केंद्राची खाती, किनारी राज्ये, बंदरे आणि तेल कंपन्या तिच्या सभासद. आग विझवायची तर बंबवाले हवेत, हे आम्हास मान्य आहे, आणि तटरक्षक दलाच्या जवानांनी 'चित्रा'च्या वेळी केलेली मेहनत कोणी नाकारणार नाही. पण विझवणे वेगळे आणि नंतरची वर्षानुवर्षांची तपासणी वेगळी. त्या तपासणीला सल्ला देणारे, मच्छीमाराची खुर्ची कायद्याने राखून ठेवलेले मंडळ आपल्या देशात झालेले नाही. गोव्याची समुद्रविज्ञान संस्था आहे, वर्सोव्याची मत्स्य शिक्षण संस्था आहे. विद्वानांची वाण नाही. वाण आहे ती समोरच्या खुर्चीची.

काही सुशिक्षित मंडळी म्हणतील की कमी शिकलेला तांडेल संशोधनाच्या सभेत काय बोलणार? आमचे उत्तर सरळ आहे. सल्लागार मंडळाने तेलाची रसायने तपासायची नसतात. ते काम तज्ज्ञांच्या समितीचे, आणि अलास्कातही अशी समिती वेगळी आहे. मंडळाने सांगायचे असते की कोणत्या महिन्यात, कोणत्या खाडीत आणि कोणत्या मासळीसाठी तपास व्हावा. बोंबील कुठे लागतो, डोल जाळे कोणत्या वेळी लावतात, तेलाने बरबटलेले जाळे धुऊन वापरता येते की फेकावे लागते, हे ज्याला ठाऊक आहे तो या विषयातला अडाणी कसा?

आणि ही कल्पना केवळ परदेशी आहे असेही नाही. आपल्याच संसदेने २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात आणि अल्पसंख्याकांसह इतर घटकांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे, असे स्पष्ट लिहिले आहे. फुटपाथवरच्या भाजीवाल्यासाठी जे तत्त्व देशाने मान्य केले, ते समुद्रावरच्या मासळीवाल्यासाठी का नको? उलट बाजूचा धडाही आपल्यापुढे आहे. १९५२ पासूनचे अखिल भारतीय हस्तकला मंडळ आणि त्यामागून आलेले हातमाग मंडळ ही दोन्ही २०२० साली सरकारने एका आठवड्याच्या अंतराने बरखास्त केली. ती मंडळे किती कामाची होती यावर वाद होऊ शकतो. पण हिमरू विणणाऱ्याला दिल्लीत आपले म्हणणे पोहोचवण्याची जी एक वाट होती, ती एका अधिसूचनेने बंद झाली, यावर वाद नाही.

म्हणून आमची मागणी अशी. मुंबई, रायगड, रत्नागिरी या पट्ट्यासाठी तेलगळतीच्या संशोधनाचे सल्लागार मंडळ कायद्याने नेमावे. त्यावर तटरक्षक दल, मत्स्य खाते, प्रदूषण नियंत्रण मंडळ, बंदरे, तेल कंपन्या आणि शास्त्रज्ञ असावेतच. त्यांच्या बरोबरीने मच्छीमार सहकारी संस्थांनी पाठवलेले दोन तांडेल, बाजारात पाटी घेऊन बसणारी एक मासळीविक्रेती आणि सुक्या मासळीचा एक व्यापारी असावा. खर्च तेल कंपन्यांनी आणि बंदरांनी उचलावा. खर्चाचे ठरवणे मात्र मंडळाकडे असावे. कोणत्या सभासदाचा कोणत्या कंपनीशी व्यवहार आहे, हे सभेआधी लेखी जाहीर व्हावे.

व्यापारी आणि कारागीर बांधवांना आमचे सांगणे एवढेच. कोकणात ज्यांचे नातलग किंवा आडते आहेत त्यांनी रोजच्या मालाची आवक, भाव आणि बंद राहिलेले दिवस वहीत तारीखवार लिहून ठेवायला सांगावे. पुढे हीच वही पुरावा होते. आणि आपल्या गल्लीत, आपल्या पालिकेत, आपल्या धंद्याची समिती नेमली जात असेल तर निवडणुकीच्या दिवशी दुकान बंद ठेवून मत द्यायला जावे. गारखेड्यातल्या गॅरेजमध्ये निघणाऱ्या काळ्या ऑइलचे काय करायचे याचेही नियम १ एप्रिल २०२४ पासून बदलले आहेत आणि पुढेही बदलतील. ते बदलणाऱ्यांसमोर मेकॅनिकची बाजू मेकॅनिकनेच मांडायची आहे. दुसऱ्याने आपल्या वतीने केलेला हिशेब आपल्या बाजूने जुळलेला आम्ही तरी क्वचितच पाहिला आहे.