नको म्हटलं ना, बाळा!

रविवारी पारनेरला, घरी. आई भाकरी थापतेय आणि फोन खणखणतो : लोन हवंय का? सकाळपासून तिसऱ्यांदा! ती म्हणते, "नको रे बाळा. जेवलास का?"

मी मान खाली घातली. पुण्यात मी हीच डायलर सिस्टिम सांभाळतो, बॉस! एजंटने ‘डीएनसी’ दाबलं की नंबर बाद, पण आमच्याकडे फक्त त्याच कॅम्पेनमधून. दुसऱ्या कॅम्पेनच्या लिस्टमध्ये असेल तर पुन्हा वाजणारच. सगळ्या सिस्टिमची यादी वेगळी. ती प्रत्येक कॅम्पेनला आठवणीने ‘ऑन’ करावी लागते. टार्गेटच्या घाईत राहतं. (राहतं म्हणजे, मीच ठेवतो.)

ट्रायची नोंदणी २००७ पासून आहे. आईच्या मोबाइलवरून १९०९ला इंग्रजीत ‘स्टार्ट ०’ एसएमएस केला. सोमवारी ऑफिसात पहिलं काम ते सेटिंग.

आईला सांगितलं. म्हणाली, "त्या पोराची नोकरी नाही ना जाणार?"