झाकलं जाणारं घर

दसरा-दिवाळी उलटली की गावोगावी बांधकामांना वेग येतो. वीटभट्ट्या पेटतात, मुरमाच्या गाड्या धावू लागतात. पहिल्यांदाच, आणि बहुधा एकदाच, घर बांधायला निघालेलं कुटुंब रोज संध्याकाळी फरशीचे नमुने, दर्शनी भागाचे फोटो आणि ओट्याचा ग्रॅनाइट पाहत बसतं. या गोष्टी शेवटच्या महिन्यातही ठरवता येतात आणि नाही आवडल्या तर दहा वर्षांनी बदलताही येतात. पायाची खोली, कॉलममधल्या रिंगा, स्लॅबच्या काँक्रीटमध्ये पडलेलं पाणी यांचा निकाल मात्र एका ठरावीक दिवशी लागतो. त्यानंतर त्या मातीखाली किंवा सिमेंटमागे जातात. घर बांधणाऱ्याचा वेळ, पैसा आणि नजर आधी तिथे लागायला हवी.

किल्लारीने हे फार मोठी किंमत घेऊन दाखवलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झालेल्या त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. इतके बळी जाण्याचं मोठं कारण घरांच्या भिंतींमध्ये होतं. जाडजूड दगडी भिंती बाहेरून भक्कम दिसत. आतून ते दोन वेगवेगळे पदर होते, मध्ये दगडाचे तुकडे आणि माती. दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते, आणि वर माळवदाचा मातीचा जड थर होता. हादऱ्यासरशी पदर सुटे होऊन ढासळले. अनेक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला, भिंती तेवढ्या कोसळल्या. पुढे लोकांनी दगडाचीच धास्ती घेतली. वास्तविक आरपार दगड, सिमेंटचा मसाला आणि दारं-खिडक्यांवरून साऱ्या भिंतींना बांधत जाणारा काँक्रीटचा सलग पट्टा असेल, तर दगडी घरही हादरा सोसू शकतं. आजच्या आरसीसी घरातही असेच न दिसणारे सांधे असतात, फक्त त्यांची जागा बदलली आहे.

पहिली खातरजमा खोदाईच्याही आधीची. सातबारावर नाव आहे म्हणून हद्द ठरलेली असते असं नाही. भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करून, खुणा पक्क्या करून मगच चुना टाकून आखणी करावी. सातबाराचा इतर हक्काचा रकाना, बिगरशेतीची स्थिती आणि रस्त्याचा हक्क याच वेळी तपासावा. जोतं वर आल्यावर निघालेला वीतभर हद्दीचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात राहू शकतो.

मग माती. मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूर पट्ट्यात काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया टेकला की घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. त्या लांबीने बुजवल्या तरी पुढच्या वर्षी परत येतात. म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन कडक मुरूम किती खोल लागतो ते पाहावं आणि अभियंत्याला बोलावून दाखवावं. शेजाऱ्याने पाच फूट खणलं, म्हणून इथेही पाच फूट, हा हिशेब धोक्याचा. काळी माती फारच खोल असेल, तर तळाशी फुगीर असलेल्या पाइल्सचा पाया घेता येतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तो अशाच जमिनींसाठी विकसित केला. खोदून निघालेली काळी माती पुन्हा जोत्यात भरण्याचा मोह टाळावा. भराई मुरमाचीच हवी, थराथराने, पाणी मारून आणि धुमसाने ठोकून.

लोखंड आलं की ते तोलावं. सळीच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ने भागलं की मीटरमागे वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची बारा मीटरची सळी सुमारे १०.७ किलो भरायला हवी. तफावत मोठी निघाली, तर गाडी उतरवून घेण्याआधीच बोलणं सोपं. सळ्या बांधून झाल्यावर रिंगांची टोकं पाहावीत. ती काटकोनात मुडपून सोडलेली असतील, तर भूकंपात उघडतात. १३५ अंशांत वळवून ती कॉलमच्या आत गेली पाहिजेत. बीम आणि कॉलम भेटतात तिथे रिंगा अधिक जवळजवळ लागतात, आणि नेमक्या तिथेच त्या बांधायला अवघड म्हणून गाळल्या जातात. सळी आणि साच्याच्या फळीमध्ये कव्हर ब्लॉक हवेतच. कव्हरची, म्हणजे सळीवरच्या काँक्रीटच्या थराची, किमान मापं अशी: स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०. खाऱ्या वाऱ्याच्या किनारपट्टीवर एवढ्यावर भागत नाही. तिथे कव्हरही वाढवावं लागतं आणि काँक्रीटही वरच्या प्रतीचं लागतं, नाहीतर सळी गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात.

स्लॅबच्या दिवशी घरात पेढे वाटले जातात, पाहुणे येतात. त्याच दिवशी मालकाने मिक्सरजवळ उभं राहायला हवं. एम-२० काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू आणि खडीचं प्रमाण १:१.५:३ घेतात, आणि आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार ५० किलोच्या गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. वाळू ओली असेल, तर त्यातूनही कमी. माल पातळ असला की पसरायला सोपा जातो, म्हणून पाइपने अंदाजे पाणी सोडलं जातं. ते जादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. काँक्रीट कमकुवत होतं, गळतीला वाट मिळते. बादलीने मोजून पाणी घालणं आणि माल बसवायला व्हायब्रेटर लावणं, यावर त्या दिवशी अडून बसावं.

नंतरचे दिवसही तितकेच मोलाचे. साधं सिमेंट असेल तर किमान सात दिवस, आणि हल्ली सर्रास मिळणारं पीपीसी (राखमिश्रित सिमेंट) असेल किंवा ऊन कडक असेल तर किमान दहा दिवस काँक्रीट सतत ओलं राहायला हवं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावं, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते भिजत ठेवावं. सकाळ-संध्याकाळ नुसता शिडकावा पुरत नाही. सेंट्रिंगवाल्याला पुढच्या कामासाठी फळ्या हव्या असतात, पण साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे किमान चौदा दिवस हलवू नयेत. पीपीसी वापरलं असेल, तर अभियंत्याला विचारून मुदत वाढवावी.

पत्र्याचं छप्पर घालणाऱ्यांसाठी ३ जून २०२०चा दाखला आहे. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा गावंच्या गावं पत्र्यांविना राहिली. पत्रा हुकाने लोखंडी पाइपांना आणि ते पाइप भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने आवळलेले हवेत. नुसते विटांत रोवलेले पाइप वारा पत्र्यासकट उचलतो.

गिलावा आणि फरशीच्या आधी आणखी एक काम उरतं. नळाच्या लाइनींना दाब देऊन त्या तपासाव्यात. न्हाणीघराचा खोलगट स्लॅब दोन दिवस पाण्याने भरून ठेवावा आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहावं. मग प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढावेत, वायर कुठून गेली आणि पाइप कुठे वळला ते दिसेल असे.

हे सगळं ठेकेदाराशी करार करतानाच लिहून घेतलं, तर रोज हुज्जत घालावी लागत नाही. काम उक्तं असो वा चौरस फुटाच्या दराने, त्यात जिना, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी धरली आहे की नाही ते कागदावर यावं. हप्ते महिन्यावर न बांधता टप्प्यावर बांधावेत. पायाचा खड्डा अभियंत्याने पाहिला, लोखंड तपासलं, पाणी मारण्याचे दिवस पुरे झाले की पुढचा हप्ता. शेवटच्या हप्त्याचा काही भाग पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची अट सुरुवातीलाच मान्य करून घ्यावी. गच्ची, खिडक्यांचे सज्जे आणि न्हाणीघर यांची खरी परीक्षा त्या चार महिन्यांतच होते, आणि दुरुस्तीसाठी तोच ठेकेदार परत येण्याची शक्यताही त्या अटीमुळेच वाढते.