‘तू नुसते ओठ हलव’

डिसेंबर लागला की शाळाशाळांतून पेटीचे सूर ऐकू येतात. स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झालेल्या असतात. अशाच एका तालमीला मी बसलो होतो. तिसऱ्या रांगेत डाउन सिंड्रोम असलेला एक मुलगा जीव तोडून गात होता, सुरापासून बराच लांब. बाईंनी पेटी थांबवली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मायेने म्हणाल्या, ‘‘बाळा, तू नुसते ओठ हलव हं.’’ त्याने मान डोलावली. कार्यक्रमाच्या दिवशी तो फेटा बांधून रंगमंचावर होता. शाळेच्या लेखी तो सहभागी झाला. माझ्या लेखी त्याला रांगेत ठेवून गाण्यातून काढलं होतं.

बाई दुष्ट नव्हत्या. अशा वेळी दिली जाणारी कारणंही वरवर पटण्यासारखी असतात. म्हणून ती एकेक करून तपासू.

पहिलं कारण दर्जाचं : एकामुळे तीस मुलांची मेहनत वाया जाते. असं म्हणणाऱ्यांनी समूहगीत कसं बसवतात ते आठवावं. नववीतल्या मुलांचे आवाज फुटलेले असतात, म्हणून पट्टी खाली आणतात. अंतरा झेपत नाही त्याला ध्रुवपदापुरतं ठेवतात. लयीत पळणाऱ्याला तबल्याशेजारी उभं करतात. यामुळे दर्जा घसरला असं कुणी म्हणत नाही. गाणं बसवणं म्हणजे हेच. दिव्यांग मुलासाठी एवढंच करायची वेळ आली की मात्र त्याला ‘सवलत’ म्हणतात.

दुसरं कारण काळजीचं : गर्दी, दिवे, दणदणाट त्याला सोसणार नाही. स्वमग्न मुलांपैकी अनेकांच्या बाबतीत हे खरं आहे. पण दणदणाट काही गाण्याचा भाग नव्हे. स्पीकरचा आवाज कमी करता येतो, मुलाला विंगेजवळ उभं करता येतं, रिकाम्या सभागृहात आधी दोनदा फिरवून आणता येतं. एवढं करूनही तो नको म्हणाला, तर तो त्याचा निर्णय. त्याला न विचारताच त्याच्या वतीने नकार देणं ही काळजी नव्हे.

तिसरं कारण : ज्याला ऐकूच येत नाही, त्याला संगीत कसलं? स्कॉटलंडच्या तालवादक एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली होती. त्या अनवाणी उभ्या राहून कंपनांतून नाद ओळखतात. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्या तालवादकांच्या अग्रभागी होत्या. अधू नजरही आड येत नाही : आपल्याकडे कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली. मग ते मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकले आणि १९०१मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पण ही उदाहरणंही जपून वापरावीत. प्रत्येक दिव्यांग मुलाने पलुसकर व्हावं ही अट कशाला? बाकीच्या तीस मुलांना आपण ती घालतो का?

याच्या उलट टोकाची चूकही होते. शेवटी त्या मुलाचा एकट्याचा ‘खास’ कार्यक्रम, निवेदकाचा दाटलेला कंठ, सभागृहात निघालेले रुमाल. त्या टाळ्या मुलाच्या गाण्याला नसतात, आपल्याच चांगुलपणाला असतात.

मग करायचं काय? दुसऱ्या एका शाळेत पाहिलेलं सांगतो. सेरेब्रल पाल्सी असलेली सातवीतली मुलगी, चाकाच्या खुर्चीत. गाणं दादऱ्यात, मध्यलयीत. सरांनी खुर्चीच्या फळीवर खंजिरी घट्ट बांधली आणि तिला एकच काम दिलं : समेवर थाप. पहिले काही दिवस थाप उशिराच पडे. मग सरांच्या लक्षात आलं की तिच्या हाताला निघायलाच वेळ लागतो. ते म्हणाले, ‘‘खालीला हात उचल.’’ चौथ्या मात्रेला हात उचलायचा, सहा संपल्या की सम. लय किंचित उतरवली. तिसऱ्या आठवड्यात थाप समेवर पडू लागली आणि गाणारी मुलं सम चुकली की तिच्या हाताकडे बघू लागली. लय उतरल्याने शब्दही स्वच्छ ऐकू येऊ लागले.

२०१६चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदाही यापेक्षा वेगळं मागत नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांनी शिक्षणाबरोबर खेळ आणि मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असं त्याचं सोळावं कलम सांगतं. वाजवी सोय नाकारणं हा या कायद्याने भेदभावच आहे. फळीला बांधलेली खंजिरी ही वाजवी सोय. तिला लागली ती एक सुतळी आणि सरांची तीन आठवड्यांची चिकाटी.

म्हणून संगीत शिकवणाऱ्या बाईंना आणि सरांना एकच विनंती. यंदा आधी गाणं ठरवून मग त्या मुलाला कुठे उभं करायचं हे शोधू नका. आधी त्याचं काम ठरवा, मग गाणं निवडा.