मांजराची बाजू

आपल्या समाजाने मांजरावर जितका अन्याय केला आहे, तितका घरजावयावरही केला नसेल. ते आडवं गेलं तर अपशकुन, डोळे मिटून दूध प्यायलं तर लबाडी, आणि शिंकं आपल्या गलथानपणाने तुटलं तरी साधलं म्हणायचं ते बोक्याचं! या आरोपपत्रातलं सर्वांत मोठं कलम म्हणजे 'मांजर जीव लावत नाही'. "कुत्रा माणसाचा हो, मांजर फक्त घराचं," असं ठासून सांगणाऱ्या गृहस्थांना मी एकच विचारतो, "त्याने जीव लावावा म्हणून तुम्ही काय केलंत?"

उत्तर ठरलेलं. दूध घातलं, उचलून कुरवाळलं आणि पाहुणे आले की "आमची मनी बघा" म्हणून पलंगाखालून ओढून काढलं. आता, मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना गाईचं दूध नीट पचत नाही. म्हणजे पोटदुखी द्यायची आणि वर कृतज्ञतेची पावती मागायची! राहिलं उचलणं. मांजर चार किलोचं, तुम्ही साठ किलोचे. तुमच्या पंधरापट वजनाच्या प्राण्याने तुम्हाला झोपेतून अचानक उचललं आणि कांद्याचा वास मारणारं तोंड तुमच्या गालावर घासलं, तर? मांजर नुसतं ओरबाडतं. तुम्ही पोलिसांना बोलवाल.

बरं, मांजराला माया नसते हे ठरवलं कोणी? अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या संशोधकांनी २०१९ साली मांजराची पिल्लं तपासली. पाळणारं माणूस दोन मिनिटं बाहेर जाऊन परत आलं की त्यांतली सुमारे ६४ टक्के निर्धास्त होत. माणसाच्या तान्ह्या मुलांचं प्रमाणही जवळपास तेवढंच! त्याच वर्षी जपानी संशोधकांनी दाखवलं, की मांजराला स्वतःचं नाव ओळखू येतं. ते कान टवकारतं, मान वळवतं. उठून येत नाही, इतकंच. पण हाकेसरशी उठून येण्याचा नियम घरातल्या कर्त्या पुरुषाला तरी कुठे लागू आहे?

मांजराशी मैत्री करायला कष्ट पडत नाहीत. पडतो तो धीर. जेवण वेळेवर द्या. लपायला एखादं खोकं ठेवा. दोरीला कागदाचा बोळा बांधून रोज थोडं खेळवा. मग जमिनीवर बसून निवांत पेपर वाचा. नजर रोखू नका. डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडझाप करा. २०२० साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे करून पाहिलं, तेव्हा मांजरांनीही तशीच उघडझाप केली आणि अनोळखी माणसाच्या हाताकडेही ती अधिक येऊ लागली. जवळ आलं की बोट पुढे करा, हुंगू द्या. त्याने गाल घासला तरच हनुवटीखाली खाजवा, आणि शेपटी फटकारू लागलं की हात मागे घ्या. आणि एरवी लगट करणारं मांजर एकाएकी कोपरा धरून बसलं, तर त्याला रुसवा समजू नका, डॉक्टरकडे न्या.

खरी गोम अशी, की लहानाने दिलेला नकार आपल्याला पचत नाही. "काकांना पापी दे" म्हटल्यावर पोर आईच्या पदराआड लपलं, की आपण त्याला 'लाजाळू' नाहीतर 'शिष्ट' ठरवतो. काकांच्या दाढीचा विचार कोणी करत नाही. पोराला बिचाऱ्याला नखं नसतात, म्हणून तो मुकाट्याने पापी देतो. मांजराला असतात. आणि म्हणूनच ते आपण होऊन मांडीवर येऊन बसलं, की समजावं : हे प्रेम वसूल केलेलं नाही, मिळालेलं आहे. अशा वेळी पाय बधिर झाला तरी हलू नये.